अस्वलांच्या किनाऱ्यावरची माणसं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा मध्य आणि उत्तर किनारा नकाशावर पाहताना जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे पटकन कळत नाही. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्यामधून खूप आत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्या आणि समोर बेटांची दाटी. या सगळ्यावर सीडर, हेमलॉक आणि स्प्रूसचं जंगल पसरलं आहे. त्याचं नाव ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट. क्षेत्रफळ सुमारे ६४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकणाच्या दुपटीहून थोडं जास्त. पण वस्ती अगदी विरळ आणि रस्ते जवळजवळ नाहीतच. ओशन फॉल्ससारख्या गावात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे फिरायचं तर बोटीनं, आणि सोबत वाट जाणणारा माणूस हवाच.

अशा सहलींच्या जाहिरातींत ‘मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य’ असे शब्द हटकून भेटतात. मला ते खटकतात, कारण ते खरे नाहीत. गेल्या पंचवीसेक वर्षांत या किनाऱ्यावर जे संशोधन झालं, त्यातून उलटंच चित्र पुढे आलं आहे. इथली झाडं, मासे, अस्वलं आणि माणसं हजारो वर्षं एकमेकांच्या आधारानं जगत आली आहेत. आणि बोटीत पुढे उभा राहून दुर्बीण लावणारा वाटाड्या अनेकदा त्याच माणसांच्या वंशातला असतो.

स्विंडल बेटावरच्या क्लेम्टू गावाचंच पाहा. काहीशे वस्तीचं हे गाव दोन मूळनिवासी समाजांचं आहे. किटासू लोकांची भाषा त्सिमशियन कुळातली, तर खाइखाइस लोकांची वाकाशन कुळातली. दोन्ही समाज आता एकत्र नांदतात आणि एकच शासन चालवतात. पाहुण्यांसाठीचं निवासस्थान गावाच्या मालकीचं आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे गर्दी असते, कारण त्याच दिवसांत सॅमन मासा समुद्रातून नद्यांत परततो. व्हँकुव्हर किंवा सरे भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रवास तसा जवळचा आहे: विमानानं बेला बेला आणि तिथून पुढे बोट.

सहलीतला बराचसा वेळ ओढ्याच्या काठी गप्प बसण्यात जातो. पाणी गुडघाभर, पण माशांनी खचाखच भरलेलं. पॅसिफिक सॅमनच्या पाच जाती इथल्या नद्यांत येतात. गोड्या पाण्यात जन्म, समुद्रात वाढ, मग गंधाच्या आधारे जन्मनदीचा माग काढत परत येणं, अंडी घालणं आणि मरणं, असा त्यांचा क्रम असतो. त्यांच्या वजनाचा जवळजवळ सगळा भाग समुद्रात मिळवलेला असतो. म्हणजे दर शरद ऋतूत हजारो टन समुद्र स्वतः पोहत डोंगरात येतो.

अस्वल मासा पकडतं आणि बऱ्याचदा तो तोंडात धरून झाडीत निघून जातं. मोठ्या अस्वलानं हिसकावून घेऊ नये म्हणून. मासे मुबलक असले की ते फक्त मेंदू आणि अंडी खातं, कारण चरबी तिथे जास्त, आणि उरलेला मासा तसाच टाकून पुढच्याकडे वळतं. त्या उरलेल्यावर गरुड, गल, कावळे, मार्टेन आणि माश्यांच्या अळ्या ताव मारतात. शेवटी राहतं ते मातीत मिसळतं. व्हिक्टोरिया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ टॉम राइमखेन यांनी या मातीत मिसळणाऱ्या माशाचा माग झाडांपर्यंत काढला.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. निसर्गात नायट्रोजनचे दोन स्थिर प्रकार असतात. नेहमीचा नायट्रोजन-१४ आणि एक न्यूट्रॉन जास्त असलेला, दुर्मीळ नायट्रोजन-१५. अन्नसाखळीत वर जाताना प्रत्येक पायरीवर जड प्रकाराचं प्रमाण थोडं वाढतं. समुद्रातल्या साखळ्या लांब, त्यामुळे सॅमनच्या अंगात हा जड नायट्रोजन जमिनीवरच्या झाडापाल्यापेक्षा बराच जास्त असतो. तेव्हा ओढ्याकाठच्या शेवाळात, पानात किंवा खोडाच्या वाढवलयात त्याचं प्रमाण मोजलं की त्यातलं किती समुद्रातून आलं याचा अंदाज बांधता येतो. शेकडो वर्षांच्या झाडांच्या लाकडात सॅमनची खूण सापडली. धबधब्यामुळे मासे जिथे वर चढू शकत नाहीत, तिथल्या झाडांत ती खूण एकदम फिकी होते. कोकणात माडाच्या मुळाशी माशाचं खत घालतात, तेच काम इथे अस्वल करतं, आणि एकेक हंगामात एकेक अस्वल शेकडो मासे वाहून नेतं.

खत पडलं की जंगल नुसतं हिरवंगार होतं असं मात्र नाही. मॉर्गन हॉकिंग आणि जॉन रेनॉल्ड्स यांनी याच किनाऱ्यावरच्या ५० ओढ्यांकाठची झाडी तपासली. २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे सॅमन जास्त, तिथे सॅमनबेरीसारख्या खादाड झुडपांनी बाकीच्यांना मागे रेटलं होतं आणि वनस्पतींची विविधता उलट कमी होती. ओढ्यात किती मासा येतो हे काठावर कोणतं झुडूप आहे यावरूनही ताडता येतं.

पाहुणे ज्याच्या आशेनं येतात ते पांढरं अस्वल याच ओढ्यांवर दिसतं. त्याला स्पिरिट बेअर म्हणतात. ते ध्रुवीय अस्वल नव्हे आणि रंगद्रव्याच्या अभावानं पांढरं झालेलंही नव्हे. त्याचे डोळे आणि नाक काळसरच असतात. ते अमेरिकन काळं अस्वलच आहे. एमसी१आर नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक झाला की केसांत काळं रंगद्रव्य बनत नाही, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. माणसांत लाल केसांशी याच जनुकाचा संबंध आहे. हा गुण अप्रभावी असल्यानं आई आणि वडील दोघांकडून ते जनुक यावं लागतं. त्यामुळे काळ्या जोडप्याला पांढरं पिल्लू होऊ शकतं, आणि काळ्या आईमागून एक काळं, एक पांढरं पिल्लू चालताना दिसू शकतं.

घनदाट, काळोख्या जंगलात पांढरा रंग टिकला कसा? राइमखेन आणि डॅन क्लिंका यांनी तासन्‌तास ओढ्याकाठी बसून अस्वलांच्या झडपा मोजल्या. रात्री काळ्या आणि पांढऱ्या अस्वलांचं यश सारखंच होतं. दिवसा मात्र पांढऱ्यांच्या झडपा जास्त वेळा यशस्वी ठरत होत्या. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला ढगाळ आभाळासमोर पांढरा आकार कमी खुपतो, काळा आकार दिसला की तो पळतो. थंडीच्या झोपेआधी चरबी साठवायला मोजके आठवडे हाती असतात, तेव्हा एवढा फायदाही थोडका नाही.

या पांढऱ्या अस्वलांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास किटासू-खाइखाइस आणि गिटगात या समाजांनी शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं केला. अस्वलांना पकडायचं नाही, बेशुद्ध करायचं नाही, ही अट होती. म्हणून वासाचं आमिष ठेवून भोवती काटेरी तार बांधली आणि तारेला अडकलेल्या केसांतून डीएनए काढला. निष्कर्ष काळजीत टाकणारा होता: पांढऱ्या रंगाचं जनुक आधीच्या अंदाजापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत अधिक दुर्मीळ निघालं, आणि ते जिथे जास्त आढळतं अशा जागांपैकी बऱ्याचशा संरक्षित क्षेत्राच्या बाहेर होत्या.

लांडगेही आहेत. बाहेरच्या बेटांवरचे लांडगे किलोमीटरच्या किलोमीटर समुद्र पोहून पार करतात आणि मासे, सील, शिंपल्या खाऊन राहतात. सॅमनचं ते बहुधा डोकंच खातात. पण ते भेटणं पूर्णपणे नशिबावर.

ग्रिझलींची, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलांची गोष्ट मला या सगळ्यात मोठी वाटते. क्लेम्टूच्या लोकांना एकेकाळी फक्त मुख्य भूमीवर दिसणारी ग्रिझली बेटांवर दिसू लागली होती. सरकारी नकाशांत ती बेटं ग्रिझलींची नव्हती. गावातल्या माणसांच्या आठवणी नोंदवल्या, केसांचे नमुने घेतले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरवलं. मग २०२१ मध्ये लॉरेन हेन्सन आणि सहकाऱ्यांनी नुखाल्क, हाइल्टसुक, किटासू-खाइखाइस, गिटगात आणि वुइकिनुख या पाच समाजांसोबत केलेलं काम पुढे आलं. या किनाऱ्यावरच्या ग्रिझलींचे जनुकीयदृष्ट्या तीन गट पडतात असं त्यात दिसलं. सीमा कुठे आहेत? डोंगर, बर्फ, पाणी, माणसांची वस्ती असे अडथळे तपासले, पण त्यांनी ही विभागणी नीट उलगडेना. मग नकाशावर मूळनिवासी भाषाकुळांच्या सीमा टाकल्या. त्सिमशियन, उत्तर वाकाशन आणि सॅलिश कुळातली नुखाल्क. तिन्ही प्रदेश अस्वलांच्या तीन गटांशी जुळले.

यात चमत्कार काही नाही. एखाद्या खोऱ्यात मासा, बेरी, कंद पुरेसं असेल तर अस्वलाला दूर जावं लागत नाही आणि माणसालाही. पिढ्यान्‌पिढ्या जवळपासच राहिलं की अस्वलांत जनुकीय गट तयार होतात आणि माणसांत भाषा. दोन्ही एकाच अन्नावर, एकाच नद्यांच्या काठी वाढले.

आणि किती काळ? हाइल्टसुकांच्या मौखिक इतिहासात हिमयुगातही न गोठलेल्या, लोकांनी आसरा घेतलेल्या एका जमिनीची आठवण आहे. ट्रिकेट बेटावर उत्खनन झालं तेव्हा जुन्या चुलीतला कोळसा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा निघाला. शेजारच्या कॅल्व्हर्ट बेटाच्या किनाऱ्यावर मातीच्या थरात मोठ्यांची आणि लहान मुलाची मिळून २९ पावलं सापडली, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची.

त्याच कॅल्व्हर्ट आणि हेकाटे बेटांवर अँड्र्यू ट्रँट आणि सहकाऱ्यांनी जुन्या वस्त्यांच्या जागा तपासल्या. खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे हजारो वर्षांचे थर तिथे कित्येक मीटर खोल आहेत. एरवी इथली माती पावसानं धुपून आम्ल आणि निकस झालेली. शिंपल्यांतून तिला कॅल्शियम मिळालं, चुलींच्या राखेतून आणि अन्नाच्या उरल्यासुरल्या भागांतून फॉस्फरस. २०१६ च्या या अभ्यासात जुन्या वस्तीवरचे सीडर वृक्ष आजूबाजूच्यांपेक्षा उंच, जाड आणि शेंड्याकडे कमी वठलेले आढळले. माणूस हजारो वर्षं राहिला आणि त्यामुळे जंगल अधिक जोमानं वाढलं, असं मोजमाप जगात फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

या किनाऱ्यावर ओहोटीच्या खालच्या रेषेवर माणसांनी रचलेले दगडांचे बुटके बांधही दिसतात. वाटाड्यानं बोट थांबवून दाखवले नाहीत तर ते नैसर्गिक वाटावेत. बांधामागे वाळू साठते, उतार सपाट होतो आणि शिंपल्यांना मानवणाऱ्या उंचीची जागा वाढते. दक्षिणेकडच्या क्वाड्रा बेटावरच्या मोजणीत बांधामागच्या अशा शिंपल्यांच्या बागेत एका जातीच्या शिंपल्या साध्या किनाऱ्याच्या चौपट आणि दुसऱ्या जातीच्या दुप्पट दाटीनं होत्या. तिथले काही बांध किमान ३,५०० वर्षं जुने आहेत. आतल्या जंगलात सीडरच्या खोडांवर लांबच लांब उभे चट्टे दिसतात. टोपल्या, दोर आणि कपड्यांसाठी साल सोलून नेली, पण एकाच बाजूची पट्टी, म्हणून झाड जगलं. चट्ट्याच्या कडेची वलयं मोजून साल कोणत्या वर्षी काढली तेही सांगता येतं.

मग ‘निर्मनुष्य अरण्य’ ही कल्पना आली कुठून? १८६२ च्या देवीच्या साथीनं या किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पाडली. १८८५ पासून १९५१ पर्यंत कॅनडात पॉटलॅच या समारंभावर कायद्यानं बंदी होती. याच समारंभात हक्क, वारसा आणि नद्यांची जबाबदारी साक्षीदारांसमोर जाहीर व्हायची. नंतर आलेल्यांना जंगल रिकामं दिसलं, कारण माणसं मेली होती किंवा गप्प केली गेली होती. क्लेम्टूतलं समारंभांसाठीचं लाकडी मोठं घर २००२ मध्ये उभं राहिलं. पाहुण्यांना तिथे गाणी ऐकायला मिळतात तेव्हा त्यामागचा हा काळ ठाऊक असायला हवा.

माणसं पाहायला आली की अस्वलं बिथरत नाहीत का? याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडच्या नाइट इनलेट खाडीतल्या ग्लेंडेल कोव्ह इथे ओवेन नेव्हिन आणि बॅरी गिल्बर्ट यांना वेगळंच आढळलं. पाहुणे असताना मोठे नर जरा लांब राहत, आणि पिल्लं असलेल्या माद्या त्या वेळेत येऊन निर्धास्तपणे मासे पकडत. पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील आणि ते शिस्तीत बसत असतील तरच हे घडतं. म्हणून वाटाड्याची शिस्त ही कडक असलीच पाहिजे. पैशाच्या बाजूनंही चित्र स्पष्ट आहे. २०१२ च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात या जंगलात अस्वलं पाहण्यावर होणारा खर्च शिकारीवरच्या खर्चाच्या दहापटीहून जास्त निघाला. त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या मूळनिवासी समाजांनी आपल्या प्रदेशात हौसेखातर होणारी अस्वलांची शिकार बंद झाल्याचं जाहीर केलं. प्रांतानं ग्रिझलींची अशी शिकार २०१७ च्या अखेरीस थांबवली. २०१६ मध्ये २६ मूळनिवासी समाज आणि सरकार यांच्यात झालेल्या करारानं ८५ टक्के जंगल औद्योगिक वृक्षतोडीला बंद झालं होतंच. २०२२ मध्ये किटासू-खाइखाइस आणि गिटगात प्रदेशाच्या मोठ्या भागात काळ्या अस्वलांच्या शिकारीलाही मनाई झाली. पांढऱ्यांना मारायची बंदी आधीपासून होती. पण पांढऱ्या रंगाचं जनुक काळ्या अस्वलांतही दडलेलं असतं, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

आता खरी चिंता माशाची आहे. मध्य किनाऱ्यावर सॅमनची संख्या बऱ्याच नद्यांत घटली आहे. २०२२ च्या शरद ऋतूत पाऊस लांबला तेव्हा हाइल्टसुक प्रदेशातल्या नीकस ओढ्यात अंडी घालण्याआधीच हजारो मासे कोरड्या पात्रात मेले. जंगल कितीही राखलं तरी समुद्र आणि पाऊस बिघडला तर ओढ्याकाठी अस्वल येणार नाही. म्हणून हे समाज आता जमिनीसोबत पाण्याकडे वळले आहेत. जून २०२२ मध्ये किटासू-खाइखाइसांनी केंद्र सरकारच्या मंजुरीची वाट न पाहता किटासू उपसागर आपल्या कायद्यानुसार संरक्षित म्हणून जाहीर केला. तिथे दर वसंतात हेरिंग मासा केल्प या समुद्री शेवाळावर आणि लोकांनी पाण्यात सोडलेल्या हेमलॉकच्या फांद्यांवर अंडी घालतो. अंड्यांनी लगडलेली फांदी वर काढली की खाणं मिळतं, आणि मासा पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालायला जिवंत राहतो. व्यापारी मासेमारीत मात्र अंड्यांसाठी हेरिंगच मारला जातो. हेरिंगवर सॅमन, सील, देवमासे, पक्षी सगळे जगतात, त्यामुळे ओढ्यावरच्या अस्वलांचा हिशेब या उपसागरापासून सुरू होतो. गावाचे रक्षक आता स्वतःच्या बोटीतून तिथे गस्त घालतात.