सूक्ष्मजीव इंधन घटातील स्वस्त कॅथोड उत्प्रेरक

सूक्ष्मजीव इंधन घटाच्या (ज्यात जिवाणू सेंद्रिय द्रव्यापासून वीज निर्माण करतात) कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या अग्रावर, ऑक्सिजनचे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) वेगाने व्हावे म्हणून प्लॅटिनमच्या जागी वापरली जाणारी कमी खर्चाची द्रव्ये. जिवाणूंपासून वीज मिळते हे एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये दाखवले, तेही प्लॅटिनमची अग्रे वापरूनच.

पीएच ७ ला (उदासीन द्रावणात) या विक्रियेचे सैद्धांतिक विभव सुमारे ०.८ व्होल्ट असते. चालू घटात त्यातले बरेचसे वाया जाते. चार इलेक्ट्रॉन घेऊन थेट पाणी झाले तर लाभ, दोनांवरच थांबले तर हायड्रोजन पेरॉक्साइड होते. सांडपाण्यातील सल्फाइडमुळे प्लॅटिनम निकामी होत जाते, त्यामुळे त्याची महागाई आणखीच खुपते.

पर्यायांत लोह व कोबाल्ट यांची थॅलोसायनिन व पॉर्फिरिन संयुगे (धातूभोवती चार नायट्रोजन असलेली कड्यासारखी संयुगे), मँगॅनीज डायऑक्साइड आणि सक्रियित कोळसा हे प्रमुख. कोबाल्ट थॅलोसायनिनचा ऑक्सिजनचे क्षपण वेगवान करण्याचा गुण आर. जॅसिन्स्की यांनी १९६४ मध्ये नोंदवला. अशी संयुगे कार्बनसह ७००–९०० अंश सेल्सियसला भाजली की अधिक टिकाऊ होतात. का, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. व्हान व्हेन यांच्या मते धातूभोवतीचे चार नायट्रोजन भाजल्यावरही शाबूत राहतात. येगर यांच्या मते धातू सुटतो व कार्बनवरील नायट्रोजनशी पुन्हा जोडला जातो. वीझेनर यांनी धातूला केवळ सक्रिय कार्बन घडवणारा मानले. लोह असलेल्या द्रव्यांपुरते तरी धातू व नायट्रोजन जोडलेली स्थानेच सक्रिय असतात हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. सर्व द्रव्यांना ते लागू करणे धाडसाचे होईल.

कोल्हापूर परिसरात सक्रियित कोळशाचा विचार आधी व्हावा. गुऱ्हाळात रस काढून उरलेले चिपाड वाळवून काहिलीखाली चुलाणात जाळतात. मागे उरते ती मुख्यतः सिलिकायुक्त राख, ती येथे निरुपयोगी. तेच चिपाड हवा कोंडून भाजले, पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फरिक आम्लाने सक्रिय केले व नीट धुतले, तर सच्छिद्र कोळसा मिळतो. टेफ्लॉनचा बंधक मिसळून तो स्टीलच्या जाळीवर दाबला की हवाई (हवेतील ऑक्सिजन घेणारा) कॅथोड तयार होतो. घटाला लागणारे सेंद्रिय द्रव्यही दूर नाही: शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाते, आणि नदीवरचा हा भार हलका होणे निकडीचे आहे. वीज मात्र अल्पच मिळेल. काही महिन्यांत छिद्रांत क्षार व जैवथर साचून कॅथोड मंदावतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यास त्याची क्षमता बऱ्याच अंशी परत येते.