खुर्ची, घड्याळ आणि ऑक्सिमीटर

आयसीयूतून माणूस घरी आला की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण त्याला कमोडवरून उठायलाही आधार लागतो. तो नुसता अशक्तपणा नसतो, स्नायूच झिजलेला असतो. गंभीर आजारी रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास आक्रसतो, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात सोनोग्राफीने मोजलेलं होतं.

कोविडमध्ये असे रुग्ण वाढत गेले आणि नेमके तेव्हाच फिजिओथेरपीचे विभाग बंद पडले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५५ देशांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या ६३ टक्के देशांत पुनर्वसन सेवा विस्कळीत झाल्या होत्या. अर्धांगवायूच्या रुग्णांचे हाल मला जास्त टोचतात. त्यांची बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि ते दिवस लॉकडाऊन उठण्याची वाट पाहत थांबत नाहीत.

मग व्यायाम व्हिडिओ कॉलवर आला. पण रुग्णाची ताकद मोजायची कशी? एरवी सहा मिनिटं चालायला लावतात. त्यासाठी साधारण ३० मीटरचा सरळ, मोकळा पॅसेज लागतो. चाळीतल्या खोलीत तो कुठून आणणार? तिथे एक जुनी, साधी चाचणी कामी आली. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यायची, हातांचा आधार न घेता एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. बोटाला ऑक्सिमीटर, शेजारी घरातलं कुणीतरी.

यात एक मेख आहे. ऑक्सिजनचा आकडा बऱ्याचदा उठबस थांबल्यानंतर सर्वांत खाली जातो. मिनिट संपलं म्हणून लगेच ऑक्सिमीटर काढला, तर घसरण दिसतच नाही. म्हणून पुढची दोन-तीन मिनिटंही आकडा पाहत राहायचं.

फोनवरून एक गोष्ट मात्र कळत नाही: स्नायूचा ताठरपणा. आखडलेला कोपर सरळ करताना तो कुठे अडतो, हे थेरपिस्टच्या बोटांना समजतं. ते काम घरच्यांकडे आलं. पलीकडून थेरपिस्ट सांगणार, "हळू, झटका देऊ नका, अडलं की थांबा," आणि इथे बायको नवऱ्याचा हात धरून सांगणार, "हां, इथे अडतंय."