वाचक आधी, वाक्य नंतर : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीसाठी २०.५ ग्रॅम भुकटी लागते. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९, मीठ २.६ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ती तयार करणाऱ्याचं या आकड्यांशिवाय चालत नाही. पण रात्री जुलाबाने मलूल झालेल्या मुलाजवळ बसलेल्या आईला त्यांचा काय उपयोग? तिला एवढंच हवं असतं : अख्खं पाकीट एकदम एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला, वरून साखर घालू नका, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. पाणी कमी पडलं तर द्रावण दाट होऊन शरीरातलं सोडियम वाढू शकतं आणि जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. हे सगळं लिहिणाऱ्याला माहीत असतं. त्यातलं कागदावर काय उतरायचं, ते वाचक कोण यावर ठरतं.

बोलणाऱ्याची यातून बरीच सुटका होते. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की तो मागे येतो, पुन्हा सांगतो. लिहिलेल्या मजकुराला ती सोय नाही. प्लेटोच्या ‘फीद्रस’ संवादात सॉक्रेटिसची हीच तक्रार आहे : लेखन जाणत्याच्या आणि अजाणाच्या हाती सारखंच पडतं, आणि काही विचारलं तर पुन्हा तेच सांगतं.

अ‍ॅरिस्टॉटलने भाषणकलेवरच्या ग्रंथात याची दुसरी बाजू दाखवली. श्रोत्याला जे ठाऊक आहे ते गाळावं. अमका ऑलिम्पियाच्या खेळांत जिंकला एवढं पुरे. तिथलं बक्षीस म्हणजे मुकुट, हे सगळ्यांना माहीत आहे. सल्ला चोख होता, पण आज ते वाक्य वाचताना ऑलिव्हच्या पानांच्या मुकुटाची टीप द्यावी लागते. गाळलेली माहिती ज्या वाचकाच्या भरवशावर गाळली, तो वाचक बदलला की मजकुराला भोक पडतं. जुने ग्रंथ अवघड वाटतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

संस्कृत शास्त्रग्रंथांनी यावर जो उपाय काढला तो मला सगळ्यांत कामाचा वाटतो. ग्रंथाच्या आरंभीच चार गोष्टी स्पष्ट करायच्या : विषय, प्रयोजन, विषयाचा ग्रंथाशी संबंध आणि अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ कोणासाठी आहे तो. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी न्यायशास्त्रावरचा, म्हणजे तर्कविद्येवरचा, ‘तर्कसंग्रह’ बालांना सहज कळावा म्हणून लिहिला. हा ‘बाल’ म्हणजे लहान मूल नव्हे. टीकाकार, म्हणजे ग्रंथाचं विवरण करणारे, सांगतात, ज्याचं व्याकरण, काव्य आणि कोश शिकून झालं आहे, पण न्यायशास्त्र शिकायचं राहिलं आहे, तो बाल. वाचकाची इतकी नेमकी व्याख्या हाताशी असली की कोणता शब्द समजावायचा आणि कोणता नाही, हा वादच उरत नाही. पुढच्या वाचकासाठी अन्नंभट्टांनी त्याच ग्रंथावर ‘दीपिका’ ही वेगळी टीका लिहिली. दोघांना एकाच पानात कोंबलं नाही. ‘सर्वांसाठी’ म्हणून काढलेल्या माहितीपत्रकांत नेमकी हीच चूक होते.

मध्ययुगीन युरोपातल्या पत्रलेखनाच्या पोथ्यांनी वाचकाचा विचार केला तो मुख्यतः दर्जापुरता : वरच्याला कोणता मायना, बरोबरीच्याला कोणता. त्याला काय माहीत आहे, हा प्रश्न तिथे बाजूलाच पडला.

विसाव्या शतकात मोजमाप आलं. १९२१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी शिक्षकांसाठी नेहमीच्या वापरातल्या १०,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. १९४८ मध्ये सोप्या लेखनाचे अभ्यासक रुडॉल्फ फ्लेश यांनी वाक्यातले शब्द आणि शब्दातली अक्षरं मोजून सोपेपणाचं सूत्र मांडलं. लांबलचक वाक्यं पकडायला ते चांगलं, पण वाचकाच्या डोक्यात काय आहे हे त्याला दिसत नाही. ‘ऑस्मोलॅरिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) घटवा’ हे वाक्य कंस सोडला तर दोनच शब्दांचं आहे, तरी आईला ते कळणार नाही.

खरी अडचण लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे, हे १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, इतरांनी गाणं ओळखायचं. निम्मी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. याला ‘ज्ञानाचा शाप’ म्हणतात. तज्ज्ञाच्या मजकुरात पायऱ्या गळतात त्या यामुळेच. आळस किंवा बेपर्वाई हे कारण क्वचितच असतं.

लेखनप्रक्रियेच्या अभ्यासक लिंडा फ्लॉवर यांनी १९७९ मध्ये याचीच एक खूण सांगितली होती : कच्चा मजकूर लेखकाला गोष्टी ज्या क्रमाने सुचल्या त्या क्रमाने जातो, वाचकाला त्या ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने नाही. आधी जलसंजीवनीच्या सूत्राचा इतिहास, मग घटक आणि शेवटच्या ओळीत ‘एक लिटर पाणी’, असा मजकूर त्या जातीचा.

असे दोष स्वतःच्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, म्हणून मसुदा हातावर तपासावा लागतो. विषय माहीत नसलेल्या माणसाला पाकीट, भांडी आणि मजकूर द्यायचा, आणि तोंडातून एक शब्दही न काढता त्याचे हात बघत बसायचं. हात थांबला, ती ओळ पुन्हा लिहायची. बहुतेकदा तो ‘एक लिटर’पाशी थांबतो, कारण समोरच्या भांड्यात किती पाणी मावतं हे त्याला माहीत नसतं. तिथे ‘लिटरची बाटली काठोकाठ भरून घ्या’ एवढं लिहिलं की हात पुढे सरकतो.