हमीद दलवाई: अर्धेच वाचले गेलेले उदारमतवादी

मुस्लिम समाजसुधारक आणि लेखक हमीद दलवाई यांचं नाव ठाण्यात निघतं ते बहुतेक वेळा वादाच्या भरात. तिहेरी तलाक, समान नागरी कायदा, मुंब्रा, भिवंडी असा विषय निघाला की कोणीतरी त्यांचं एखादं मत पुढे करतं, आणि ते जवळपास नेहमी मुसलमानांना चार गोष्टी सुनावण्यासाठी असतं. दलवाईंच्या लिखाणाचा हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा त्यांनी हिंदूंसाठी, विशेषतः स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या हिंदूंसाठी लिहिला आहे. तो भाग बाजूला ठेवून दलवाईंचा आधार घेणं हा माझ्या मते त्यांच्यावर अन्याय आहे.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. घर कोकणी मुसलमानांचं. हा समाज आपल्या ठाणे जिल्ह्याला परका नाही. भिवंडीत आणि मुंब्र्याला लागून असलेल्या कौशात तो पिढ्यान् पिढ्या राहतो आहे. दलवाई राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत घडले. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त त्यांनी पत्रकारिता केली, कथा लिहिल्या आणि १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी लिहिली. कोकणातल्या एका गावात हिंदू-मुसलमानांचे जुने संबंध बघता बघता कसे पेट घेतात, ते तिच्यात आहे. राजकीय लेखनाआधी ती वाचावी. माणसं ओळखीची झाली की विचार नीट कळतात.

आपल्या माणसांना तोंडावर बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. लोकहितवादींच्या शतपत्रांचे वार स्वतःच्याच समाजावर होते. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. दलवाईंनी आपल्या संघटनेसाठी, मुस्लिम सत्यशोधक मंडळासाठी, नाव घेतलं ते तिथूनच.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चात सात मुसलमान बायका होत्या. सातच. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एक कायदा लावा, या त्यांच्या मागण्या. पाठीशी ना मोठा पक्ष, ना जमातीतला कोणी वजनदार माणूस. घरी परतल्यावर नातेवाइकांचे, मोहल्ल्याचे, मशिदीतल्या मंडळींचे सवाल त्यांना एकटीने झेलायचे होते. मोर्चे आपण मोजतो ते गर्दीवरून. या मोर्चाची किंमत त्या सात जणींनी पत्करलेल्या धोक्यावरून करायला हवी.

दोन वर्षांनी, १९६८ साली, ‘मुस्लिम पॉलिटिक्स इन इंडिया’ हे पुस्तक आलं. मराठीतल्या लेखांचं इंग्रजी दिलीप चित्र्यांनी केलं होतं. १९७२ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यातला मुख्य मुद्दा त्या काळच्या पुरोगाम्यांना झोंबणारा होता. मुस्लिम जमातवाद ही निव्वळ हिंदू जमातवादाची प्रतिक्रिया आहे, ही समजूत त्यांनी नाकारली. त्याची मुळं मुस्लिम समाजातल्या धर्मनिष्ठ राजकारणात आहेत आणि तिथे आत्मटीका करणारा वर्ग उभाच राहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. उलेमांनी, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांनी, स्वातंत्र्यलढ्यात काँग्रेसला साथ दिली, पण सामाजिक बाबतीत शरियतला हात लावू दिला नाही. राजकारणात राष्ट्रवादी आणि घरात सनातनी, या विसंगतीकडे काणाडोळा करणाऱ्या हिंदू पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

इथवरचं सगळे सांगतात. पुढचं असं की हिंदू पुनरुज्जीवनवादही त्यांना तितकाच घातक वाटत होता. मुसलमानांतला सुधारक आधीच एकटा असतो. बहुसंख्य समाजच धर्माच्या नावाने मागे जाऊ लागला, तर त्या एकट्याच्या पायाखालची जमीन सरकते आणि ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणणारे कट्टर लोक बळावतात. म्हणून हिंदूंनी आधुनिक राहणं ही त्यांच्या दृष्टीने मुसलमानांच्या आधुनिक होण्याची अटच होती. दोन टोकांचे लोक एकमेकांचं पोषण करतात हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारे मराठीत फार थोडे होते.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दीड महिन्यानंतर, ७ मे रोजी, आपल्या जिल्ह्यातल्या भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि लोण जळगाव-महाडपर्यंत गेलं. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल ठाणेकरांनी वाचायलाच हवा असा आहे. हिंदूंचं राष्ट्रीय उत्सव मंडळ एकीकडे, मुसलमानांची मजलिस तामीर-ए-मिल्लत ही संघटना दुसरीकडे, आणि यंत्रमागांच्या त्या गावात दंगलीच्या आधी कित्येक महिने वातावरण कसं तापत गेलं, ते त्यात आहे. खेड्यापाड्यांतून मिरवणुकीला आलेल्यांच्या हातांत लाठ्या होत्या, त्यांना झेंडे बांधलेले होते. दंगलीनंतरच्या पोलीस तपासात पक्षपात झाला, हेही आयोगाने लिहून ठेवलं आहे. दलवाई जे तत्त्व म्हणून मांडत होते ते इथे गल्लीबोळांतून घडत गेलं.

१९८४ साली भिवंडी पुन्हा जळली. पण १९९२-९३ला मुंबई पेटलेली असताना ती शांत राहिली. त्याचं बरंचसं श्रेय पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या, दोन्ही समाजांतले रहिवासी आणि पोलीस एकत्र आणणाऱ्या मोहल्ला कमिट्यांना जातं. याच मुंबईच्या दंगलीनंतर मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने मुंब्र्यात आली. ठाण्यापासून लोकलने दुसरं स्टेशन, महापालिका एकच. तरी माझ्या ओळखीतले कित्येक ठाणेकर तिथे एकदाही उतरलेले नाहीत. वस्त्या अशा वेगळ्या झाल्या की सुधारकाचं काम दुप्पट कठीण होतं. आतल्या माणसाला बाहेरून साथ मिळत नाही, आणि बाहेरच्याला आत काय चाललंय ते कळत नाही.

दलवाई हे पाहायला नव्हते. मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ रोजी ते गेले, जेमतेम चव्वेचाळिसाव्या वर्षी. धार्मिक विधी न करता आपलं दहन व्हावं ही त्यांची इच्छा पाळली गेली. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाईंनी मंडळाचं काम पुढे नेलं. तलाक दिलेल्या मुसलमान बाईचा पोटगीचा हक्क मान्य करणाऱ्या १९८५च्या शाहबानो निकालाने थोडी आशा वाटली, पण पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तो निष्प्रभ केला. मेहरुन्निसाबाई जून २०१७मध्ये वारल्या. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. त्या सात जणींच्या मागण्यांपैकी बहुपत्नीत्वाचा आणि एका कायद्याचा प्रश्न देशपातळीवर अजून सुटलेला नाही.