पार्श्वभूमी: कलासंस्थांच्या प्रमुखपदाची वाट कुठे अडली?

ब्रिटनच्या नॅशनल थिएटरची सूत्रं २०२५ मध्ये इंधू रुबासिंगम यांच्या हाती आली. १९६३ पासून चालत आलेल्या या संस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि वांशिक अल्पसंख्याक समाजातून आलेली पहिलीच व्यक्ती. आईवडील श्रीलंकेतले तमिळ, जन्म शेफील्डचा. पदवीनंतर आर्ट्स कौन्सिल या कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या विद्यावेतनावर त्या पूर्व लंडनमधल्या थिएटर रॉयल स्ट्रॅटफर्ड ईस्टमध्ये शिकाऊ दिग्दर्शक म्हणून लागल्या, तो १९९० च्या दशकाचा आरंभ होता. तिथून नॅशनलपर्यंत पोचायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या काळात वेगवेगळ्या समाजांतून कलाक्षेत्राचं नेतृत्व घडवण्यासाठी ब्रिटनमध्ये योजनांवर योजना निघाल्या. फेलोशिप झाल्या, कार्यशाळा झाल्या, अहवाल झाले. मोठ्या संस्थांच्या प्रमुखपदी पोचलेली माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. याचं कारण शोधायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१९७६ मध्ये नसीम खान यांचा ‘द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. आर्ट्स कौन्सिल, गुल्बेंकियन फाउंडेशन आणि कम्युनिटी रिलेशन्स कमिशन या तिघांनी मिळून तो करवून घेतला होता. खान पत्रकार होत्या. वडील भारतीय, आई जर्मन. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, वेस्ट इंडियन, चिनी, सायप्रसचे, पूर्व युरोपातून आलेले अशा एकेका समाजात नृत्य, संगीत, नाटक काय चाललंय याची त्यांनी नोंद केली. नोंद करण्याजोगं भरपूर होतं. फक्त त्याला सरकारी अनुदान नव्हतं, तालमीला धड जागा नव्हती आणि वृत्तपत्रांत परीक्षण येत नव्हतं. ही कला ब्रिटनचीच आहे, तिला परकी समजून बाजूला ठेवू नका, असं खान यांचं म्हणणं होतं. आज हे साधं वाटतं. त्या वेळी ‘अल्पसंख्याकांची कला’ हा समाजकल्याणाचा विषय मानला जाई, कलेचा नव्हे. त्यामुळे त्या कलेतून उद्याच्या मोठ्या संस्थांचे प्रमुख येतील, हा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

ज्यांना दार उघडलं नाही त्यांनी आपापल्या संस्था उभारल्या. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात ऑस्कर अब्राम्स यांनी १९७१ मध्येच कृष्णवर्णीयांसाठी केस्किडी सेंटर हे कलाकेंद्र सुरू केलं होतं. जून १९७६ मध्ये लंडनच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. त्या अस्वस्थतेतून जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये तारा आर्ट्स ही नाट्यसंस्था काढली, आणि पहिलं नाटक केलं ते रवींद्रनाथ ठाकुरांचं. १९८६ मध्ये इव्हॉन ब्रूस्टर, कार्मेन मन्रो, मोना हॅमंड आणि इनिगो एस्पेहेल यांनी तलावा थिएटर कंपनी स्थापन केली. माझ्या मते नेतृत्वाचं खरं शिक्षण झालं ते इथे. हिशेब लिहिणं, दौरे आखणं, नटांचे पगार वेळेवर देणं, अनुदानाचा अर्ज भरणं, नाकारला गेला तर पुन्हा भरणं, आणि हे सगळं सांभाळून नाटकही बसवणं. वर्मांनी १९९० मध्ये नॅशनल थिएटरमध्ये नाटक बसवलं तेव्हा त्यांच्यामागे संस्था चालवण्याची तेरा वर्षं होती. पण दिग्दर्शनासाठी पाहुणा म्हणून बोलावणं आणि संस्था सोपवणं यांत फार अंतर असतं.

दरम्यान ग्रेटर लंडन कौन्सिल या लंडन शहराच्या प्रशासनानं १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय आणि आशियाई कलावंतांना बऱ्यापैकी पैसा दिला. तलावाचं पहिलं नाटक त्याच पैशावर उभं राहिलं. मार्च १९८६ अखेर थॅचर सरकारनं ती कौन्सिलच बरखास्त केली. त्याच वर्षी आर्ट्स कौन्सिलनं आफ्रो-कॅरिबियन आणि आशियाई कलांवर आपल्या खर्चाच्या ४ टक्के रक्कम दोन वर्षांत खर्च करण्याचं लक्ष्य जाहीर केलं. ही टक्केवारी कार्यक्रमांवरच्या खर्चाची होती. निर्णय कोणी घ्यायचे, याबद्दल तिच्यात काही नव्हतं.

इथे कायद्याचा एक धागा येतो. त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खान यांचा अहवाल आला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशसंबंध कायदा झाला. नेमणूक करताना वंशाच्या आधारावर कोणाला डावलणं किंवा झुकतं माप देणं, दोन्हींना त्यानं मनाई केली. मात्र ३७ आणि ३८ या कलमांनी एक खिडकी ठेवली. एखाद्या कामात आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या वंशाची माणसं नसतील किंवा तुलनेनं फार थोडी असतील, तर त्यांना त्या कामाचं प्रशिक्षण देता येईल आणि अर्ज करायला प्रोत्साहन देता येईल. प्रत्यक्ष निवडीच्या वेळी मात्र ही सवलत संपायची. म्हणजे शिकवा, पण घेताना सगळ्यांना सारखं तोला. ज्या संस्थांना मनापासून बदल हवा होता त्यांच्या हातात कायद्यानं दिलेलं हत्यार एकच, ते म्हणजे प्रशिक्षण. आणि ज्यांना बदल नकोच होता त्यांनाही ते सोयीचं पडलं, कारण प्रशिक्षण दिल्याचं अहवालात दाखवता येत होतं आणि खुर्च्या जागच्या जागी राहत होत्या.

या कलमांच्या आधारानं चाललेली सर्वांत चिवट योजना संग्रहालयांची. म्युझियम्स असोसिएशनची ‘डायव्हर्सिफाय’ १९९८ ते २०११ अशी चालली. अल्पसंख्याक समाजांतल्या तरुणांना संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत किंवा संग्रहालयात पगारी उमेदवारी, असं तिचं स्वरूप होतं. शंभराहून अधिक जण तिच्यातून तयार झाले आणि बहुतेकांना या क्षेत्रात कामही मिळालं. योजना फसली असं कोणी म्हणू नये. पण संग्रहालयांच्या एकूण कर्मचारीवर्गात तिनं फारसा फरक पडला नाही. साध्या सुरुवातीच्या नोकरीलाही पदव्युत्तर पदवी आणि बिनपगारी कामाचा अनुभव मागण्याची रीत तशीच राहिली. ज्याच्या घरून वर्षभराचा खर्च निघतो त्यालाच परवडणारी ही रीत होती. एका बाजूनं शंभर जणांना आत आणायचं आणि दुसऱ्या बाजूनं हजारोंना अडवणारी अट कायम ठेवायची, असं ते चाललं.

‘नेतृत्वविकास’ हा शब्द कलाक्षेत्रात रुळला तो आणखी वेगळ्याच कारणानं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रॉयल ऑपेरा हाउसमध्ये मुख्याधिकारी एकामागून एक बदलत होते. १९९७ मध्ये एकीनं तर काही महिन्यांतच पद सोडलं. मोठ्या संस्था चालवायला माणसंच तयार नाहीत, ही चिंता तेव्हा वाढली. त्यातून क्लोर डफील्ड फाउंडेशननं क्लोर लीडरशिप प्रोग्राम उभा केला. त्याचे पहिले संचालक माजी सांस्कृतिक मंत्री ख्रिस स्मिथ, आणि फेलोंची पहिली तुकडी २००४ ची. दुसरा प्रवाह पूर्णपणे निराळा. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधल्या खुनाचा तपास पोलिसांनी कसा हाताळला, यावरचा मॅक्फर्सन अहवाल १९९९ मध्ये आला आणि ‘संस्थात्मक वंशवाद’ ही संकल्पना सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी आली. रंगभूमीनं २००१ मध्ये नॉटिंगहॅमला परिषद भरवून स्वतःची झाडाझडती घेतली. त्याचा ‘एक्लिप्स’ अहवाल २००२ चा. त्यापाठोपाठ आर्ट्स कौन्सिलचा ‘डेसिबेल’ हा उपक्रम, क्युरेटरांसाठी, म्हणजे संग्रह आणि प्रदर्शनं सांभाळणाऱ्यांसाठी, ‘इन्स्पायर’ आणि २००६ पासून सरकारी पैशावरचा कल्चरल लीडरशिप प्रोग्राम आला.

हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा एक गल्लत झाली. ऑपेरा हाउसचा प्रश्न होता कौशल्याचा. नसीम खान, वर्मा, ब्रूस्टर यांच्यासमोरचा प्रश्न कौशल्याचा नव्हताच, तो दाराचा होता. दोन्हींवर उपाय मात्र एकच ठरला: अभ्यासक्रम, मार्गदर्शक, निवासी शिबिर, प्रमाणपत्र. जणू कमी आहे ती माणसांतच. तलावाचं उदाहरण बोलकं आहे. कृष्णवर्णीयांचं स्वतःचं नाट्यगृह लंडनच्या मध्यवस्तीत उभं करायची त्यांची योजना पुढे गेली होती. २००५ मध्ये आर्ट्स कौन्सिलनं त्या बांधकामाचा पैसा काढून घेतला. नेतृत्वाच्या योजना जोरात असतानाचीच ही गोष्ट आहे. इमारत, तिचा हिशेब आणि तिथे चूक करून शिकायची मुभा यांशिवाय नेता घडत नाही, हे त्या वेळी ठासून सांगायला हवं होतं.

अमेरिकेतला अनुभव याला पुष्टीच देतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हार्लेमवर भव्य प्रदर्शन भरवलं आणि त्यात तिथल्या चित्रकार-शिल्पकारांच्या कलाकृती घेतल्याच नाहीत. बेनी अँड्र्यूज आणि इतर कलावंत निषेधाचे फलक घेऊन संग्रहालयाबाहेर उभे राहिले. आदल्याच वर्षी हार्लेममध्ये स्टुडिओ म्युझियम सुरू झालं होतं. पुढे कित्येक कृष्णवर्णीय क्युरेटर तिथे घडले. थेल्मा गोल्डन तिथे विद्यार्थिदशेत उमेदवारीला होत्या, २००५ मध्ये त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. तरी २०१५ मध्ये मेलन फाउंडेशननं अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांची पाहणी केली तेव्हा क्युरेटर, संवर्धक, शिक्षणविभाग आणि नेतृत्व या पदांवर ८४ टक्के गोरे होते, कृष्णवर्णीय ४ टक्के. सुरक्षारक्षक आणि इमारतीची देखभाल करणाऱ्यांत चित्र बरंच वेगळं होतं. संग्रहालयात माणसं होती, वरच्या मजल्यावर नव्हती.

क्युरेटर ओक्वी एन्वेझोर यांची वाटचाल तर कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही. नायजेरियातून न्यूयॉर्कला आलेला, राज्यशास्त्र शिकलेला, कविता लिहिणारा हा माणूस १९९४ मध्ये समकालीन आफ्रिकी कलेवर ‘न्का’ हे नियतकालिक सुरू करतो, १९९७ मध्ये जोहान्सबर्ग बिएनाले हे कलाप्रदर्शन करतो आणि २००२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचा प्रमुख होतो, युरोपबाहेरचा पहिलाच. डॉक्युमेंटाचा काही भाग त्यांनी कासेलबाहेर नेला. नवी दिल्ली, लागोस, सेंट लुसिया इथे चर्चासत्रं घेतली. सोबतीला सहा क्युरेटरांचा गट घेतला. वेगळ्या जगातून आलेल्या माणसाला पूर्ण अधिकार दिला की कामाची पद्धतच कशी बदलते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

न्यूझीलंडनं प्रश्न मुळातच निराळा मांडला. १९८४ मध्ये ‘ते माओरी’ हे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या कलेचं प्रदर्शन न्यूयॉर्कला गेलं तेव्हा वस्तूंबरोबर माओरी ज्येष्ठही गेले, आणि पहाटेच्या विधींनी प्रदर्शन खुलं झालं. हे आमचे पूर्वज आहेत, नुसते नमुने नाहीत, हा आग्रह तेव्हापासून मागे घेता आला नाही. १९९८ मध्ये वेलिंग्टनला ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं त्याआधीच तिथे मुख्याधिकाऱ्याच्या जोडीला ‘काइहाउतू’ हे माओरी नेतृत्वाचं पद निर्माण झालं होतं. पहिले काइहाउतू कलावंत क्लिफ व्हाइटिंग. खुर्ची आधी, मग माणूस, असा हा क्रम.

ब्रिटनमध्ये २०१० नंतर थोडं वारं फिरलं. २०१० च्या समानता कायद्याच्या १५९ व्या कलमानं, दोन उमेदवार सारख्याच योग्यतेचे असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजातल्या उमेदवाराला निवडायची मुभा दिली. आर्ट्स कौन्सिल अनुदानित संस्थांची आकडेवारी प्रसिद्ध करू लागलं. २०१६ च्या ‘चेंज मेकर्स’ योजनेत भावी प्रमुखांना थेट एखाद्या संस्थेत वरच्या जागी काम दिलं गेलं. रुबासिंगम २०१२ मध्येच ट्रायसिकल थिएटरच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्याच संस्थेत दशकभर टिकल्या. क्वामे क्वेई-आर्मा यांना मात्र आधी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये संस्था चालवावी लागली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये लंडनच्या यंग व्हिक या नाट्यगृहाचं दार उघडलं.

आता गाठ उरली आहे ती विश्वस्त मंडळांची. ब्रिटनमधल्या बहुतेक कलासंस्था धर्मादाय संस्था आहेत. प्रमुखाची नेमणूक विश्वस्त करतात, आणि विश्वस्तपद सहसा बिनपगारी. ज्यांच्याकडे मोकळा वेळ, पैसा आणि ओळखी आहेत त्यांचंच ते राहतं, आणि नवे विश्वस्तही याच वर्तुळातून येतात. म्हणून पुढच्या फेलोशिपची जाहिरात काढण्याआधी अनुदान देणाऱ्यांनी प्रत्येक संस्थेला विचारावं की प्रमुखपद शेवटचं कधी रिकामं झालं, अंतिम यादीत कोण होतं, आणि मुलाखत घ्यायला टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं.