ऊसतोडणी कामगार (कोल्हापूर जिल्हा) : लोकरचना आणि मजुरी

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उभा ऊस तोडणारे, त्याचे पाचट (सुका पाला) साळून मोळ्या बांधणारे आणि त्या वाहनात भरणारे हंगामी कामगार. कोल्हापूर जिल्ह्यात हा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि बहुधा मार्चपर्यंत संपतो. कामगार तीन ठिकाणांहून येतात : मराठवाडा व अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून, कर्नाटकातील विजयपूरच्या बाजूने, आणि जिल्ह्यातल्याच गावांतून. स्थानिकांना इथे फडकरी म्हणतात. मजुरी रोजावर नव्हे, टनावर ठरते. तिचा मोठा वाटा काम सुरू होण्याआधीच उचल म्हणून हाती पडतो आणि पुढचे चार-पाच महिने त्या उचलीची फेड चालते.

जिल्ह्यातली ऊसशेती नद्यांच्या आधाराने वाढली. भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, वारणा, पंचगंगा, कृष्णा यांच्या काठी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाने बारमाही पाण्याची खात्री दिली. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले : बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, कुडित्र्याचा कुंभी-कासारी, परिते येथील भोगावती, वारणानगर, शिरोळचा दत्त, कागलचा शाहू, हुपरीचा जवाहर, हमीदवाड्याचा मंडलिक. त्यांना पुढे खासगी कारखान्यांचीही जोड मिळाली. गुऱ्हाळघरे तर त्याआधीपासूनची. तिथल्या गुळव्याची आणि इतर कामगारांची मजुरीची पद्धत वेगळी असल्याने त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात. त्यामुळे कारखान्याला रोज ठरावीक टन ताजा ऊस हवा असतो. त्यासाठी हजारो हात एकाच वेळी, थोड्याच महिन्यांसाठी लागतात. गावातले मनुष्यबळ एवढ्या कामाला पुरत नाही. दुसरीकडे बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, गेवराई आणि शेजारचे पाथर्डी, शेवगाव हे तालुके खरीप संपला की हाताला काम देऊ शकत नाहीत. 1972 च्या दुष्काळानंतर या भागातून होणारे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर वाढले आणि पुढे ते दरवर्षीचेच झाले.

कोण येते

राज्यातील ऊसतोडणी कामगारांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज सर्वाधिक आढळतात, काही अंदाज त्याहून मोठे आहेत. मोजणी अवघड होण्याचे कारण व्यवहारातच आहे. कारखान्याची आणि मुकादमाची (टोळी जमवून आणणाऱ्या म्होरक्याची) नोंद माणसांची नसते, ती कोयत्यांची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. दहा-बारा कोयत्यांची किंवा त्याहून मोठी टोळी, तिच्यावर मुकादम, अशी रचना असते. करार, उचल, हजेरी आणि हिशेब हे सगळे कोयत्याच्या नावाने होते, आणि ते नाव पुरुषाचे असते. निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव कागदावर येत नाही, पैसेही तिच्या हाती येत नाहीत. या कामाच्या मजुरीबद्दल काहीही बोलताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

बाहेरून येणाऱ्या टोळ्यांत वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, बौद्ध, मातंग, भिल्ल, पारधी अशा अनेक समाजांची माणसे असतात. त्यांतल्या बहुतेकांकडे एकतर जमीन नाही, किंवा आहे ती कोरडवाहू आणि तुकड्यातुकड्यांची. वय साधारण अठरा ते पंचेचाळीसच्या दरम्यान असते. पंचेचाळिशीनंतर पाठ आणि गुडघे साथ सोडतात, मग तीच माणसे बैलगाडी हाकायला, नातवंडे राखायला किंवा खोपीवर थांबायला येतात. जोडीलाच पूर्ण कोयत्याची उचल मिळते, म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याचा दबाव मूळ गावांत कायम असतो. बालविवाहांची संख्या याच तालुक्यांत मोठी राहिली आहे, त्यामागच्या कारणांत उचलीचा हा हिशेबही धरावा लागतो.

फडकऱ्यांची गोष्ट निराळी. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले अशा तालुक्यांतल्या गावांत अल्पभूधारक आणि भूमिहीन माणसे आपापल्या गावची टोळी करून आसपासच्या शिवारात तोडणी करतात. ती रात्री आपल्या घरी जातात, त्यांची मुले गावच्याच शाळेत राहतात, आणि आजारी पडले तर दवाखाना ओळखीचा असतो. टनाचा दर सारखाच असला तरी आयुष्य सारखे नसते. नवी पिढी मात्र शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींकडे किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळते, त्यामुळे कारखान्यांची भिस्त बाहेरच्या टोळ्यांवर राहते.

कामाचा दिवस

पहाटे तीन-चारला बाई उठते, चूल पेटवते, भाकरी करते. उजाडायच्या सुमारास टोळी फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, असते. बुडख्याशी कोयता मारून ऊस तोडायचा, पाचट साळायचे, शेंड्याचे वाढे वेगळे करायचे, कांड्यांची मोळी बांधायची. डोकी सेंटरवरच्या टोळीला ही मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत टाकावी लागते. वाहन मध्यरात्री आले तरी भरायला उठावे लागते. गाडी सेंटरची टोळी कारखान्याच्या जवळपासचा ऊस बैलगाडीने नेते आणि वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास थांबते. कोल्हापूर-सांगली भागात ट्रॅक्टरला टायरगाड्या जोडलेली वाहतूकही चालते, तिला अंगद म्हणतात.

फडाचा नंबर कारखान्याच्या शेती विभागाच्या क्रमपाळीने लागतो. चिटबॉय तोडणीची चिठ्ठी देतो. आज कोणत्या शिवारात जायचे, वाहन किती वाजता येणार, काट्यावर किती वेळ जाणार, यांतले काहीच कामगाराच्या हातात नसते. मजुरी मात्र काट्यावर भरलेल्या वजनावरच मिळते. पाऊस पडला, यंत्र बंद पडले, वाहन आले नाही, तर तो दिवस मजुरीत धरला जात नाही. आजारपणामुळे कामावर न जाणाऱ्याला टोळीत खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडही पडतो.

मजुरीचा हिशेब

तोडणीचा दर प्रत्येक कारखाना स्वतंत्रपणे ठरवत नाही. राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि कामगार संघटना यांच्यात काही हंगामांसाठी करार होतो. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संपांमुळे ही वाटाघाटीची पद्धत रुजली. अलीकडच्या काळात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने दर ठरला. 2020 मध्ये 14 टक्के वाढ झाली. जानेवारी 2024 च्या निर्णयाने 34 टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले. हा करार 2023-24 पासून तीन हंगामांचा होता. बैलगाडीवाल्यांचा वाहतूक दर अंतरावर असतो आणि तो निराळा मोजतात.

34 टक्के हा आकडा मोठा वाटतो, म्हणून तो फडावर नेऊन पाहिला पाहिजे. चांगला ऊस असेल तर एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टन धरले तर जोडीचे 732 रुपये होतात, म्हणजे माणशी 366. दीड टन धरले तर जोडीचे 549. यासाठी कामाचे तास बारा-चौदा असतात, भराईला रात्री उठावे लागले तर त्याहून जास्त. स्वयंपाक, पाणी, सरपण हे बाईचे काम यात धरलेलेच नाही.

आता उचलीचा हिशेब. कोयत्यामागे एक लाख रुपये उचल घेतली असेल, तर 366 च्या दराने ती फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टनांप्रमाणे हे 137 दिवसांचे काम आहे. कोल्हापुरात हंगाम अनेकदा तेवढाही चालत नाही. जुन्या दराने हीच उचल फेडायला 366 टन, म्हणजे 183 दिवस लागले असते. नव्या दराने परिस्थिती सुधारली हे खरे, पण हंगामात मिळालेला किराणा, दवाखाना, खाडे हेही याच खात्यातून वजा होतात. हिशेब अंगावर निघाला की बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि त्या कुटुंबाला पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. वेठबिगार पद्धत 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचलीतून निर्माण होणारी ही बांधीलकी त्या कायद्याच्या कक्षेत कधी येते, याची तपासणी प्रशासनाने नेमाने करायला हवी. ती क्वचितच होते.

रोख मजुरीशिवाय वाढे हे कामगारांचे जोडउत्पन्न आहे. जनावरांच्या चाऱ्यासाठी त्याच्या पेंढ्या विकल्या जातात. कोल्हापुरात घरोघरी म्हशी असल्याने वाढ्याला गिऱ्हाईक असते, मात्र बरेच शेतकरी स्वतःच्या गोठ्यासाठी काही वाटा आधीच बाजूला काढतात, आणि गाडीचे बैल असलेल्या टोळीला ते स्वतःच्या जनावरांनाही लागते.

कारखान्याच्या आतल्या कायम कामगाराशी तुलना केली की फरक उघड दिसतो. त्याचे वेतन त्रिपक्षीय कराराने ठरते. त्याला भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, रजा मिळतात. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा तोडणी कामगार मात्र कारखान्याच्या पटावर नसतो. त्याचा मालक कोण, या प्रश्नावर कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो की मीही टोळीतलाच.

वाहतूकदार, शेतकरी आणि खुशाली

कोल्हापूर भागात कारखान्याशी करार अनेकदा ट्रॅक्टर किंवा ट्रकचा मालक करतो. हा बहुधा गावातलाच शेतकऱ्याचा मुलगा असतो. कारखान्याकडून मिळालेली आगाऊ रक्कम आणि स्वतःचे कर्ज एकत्र करून तो मुकादमाला पैसे देतो. टोळी आली नाही, कमी कोयते आले, किंवा हंगामाच्या मध्यावर निघून गेली, तर तो बुडतो. अशा फसवणुकीच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत दरवर्षी दाखल होतात आणि काही कुटुंबांच्या जमिनी त्यात गेल्या आहेत. वसुलीसाठी कामगारांना अडकवून ठेवण्याचे, मारहाणीचे प्रकारही घडतात. पैसे खाल्ले मुकादमाने आणि कोंडले गेले मजूर, असे यात होता कामा नये, पण होते.

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच बिलातून वजा होतो. केंद्राने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दरातून तो कापला जातो. त्यावर फडात ‘खुशाली’, म्हणजे तोडणीसाठी वरकड पैसे, वेगळी मागितली जाते. ऊस तुऱ्याला आला, वजन घटू लागले, खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) पाणी द्यायचे किंवा रान मोकळे करायचे असले की शेतकरी अडतो आणि एकरामागे ठरेल ती रक्कम देतो. वाहनचालक ‘एन्ट्री’ म्हणून पैसे घेतो ते आणखी वेगळे. अशी वसुली बेकायदा असल्याचे आणि ती संबंधितांच्या बिलातून वळती करण्याचे आदेश साखर आयुक्तालयाने दिलेले आहेत. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण तो राग निघतो समोर दिसणाऱ्या कोयत्यावर, आणि दर, क्रमपाळी व उचल ठरवणारे फडात नसतात.

राहणे, आरोग्य, शाळा

टोळ्या गावाबाहेर, नदीकाठी किंवा कारखान्याच्या आवारात पाचटाच्या, ताडपत्रीच्या खोपी करून राहतात. पाणी, संडास, वीज यांची सोय कारखान्यागणिक बदलते आणि बहुतेक ठिकाणी अपुरी असते. बाळंतपणाच्या अगदी आधीपर्यंत काम करणाऱ्या आणि नंतर थोड्याच दिवसांत फडात परतणाऱ्या बायका दरवर्षी दिसतात. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण 2019 मध्ये उघड झाले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या अनेकींनी खाडा पडू नये म्हणून दुखणे अंगावर काढले होते, हा या हंगामी मजुरीचाच परिणाम आहे.

मुलांसाठी साखरशाळांचा, म्हणजे कारखान्याच्या परिसरातल्या हंगामी शाळांचा, प्रयोग झाला. कोल्हापुरात अवनि संस्थेने वीटभट्टी आणि ऊसतोडीवरच्या मुलांसाठी दीर्घकाळ काम केले आहे. पुढे मूळ गावी हंगामी वसतिगृहे काढून मुलांना तिथेच ठेवण्यावर शासनाचा भर आला. तरीही धाकट्या भावंडाला सांभाळायला एखादी मुलगी टोळीबरोबर येतेच.

कायदा आणि कल्याण मंडळ

1979 चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही ही व्याख्या आंतरराज्यीयच आहे. त्यामुळे विजयपूरहून शिरोळला आलेली टोळी त्यात बसते आणि त्याहून कितीतरी लांबून, बीडहून आलेली टोळी बसत नाही. ही फट भरून काढण्यासाठी राज्याने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. गाळलेल्या टनामागे 10 रुपये त्याच्या निधीसाठी घ्यावयाचे ठरले. पुण्यातील कार्यालय एप्रिल 2022 मध्ये सुरू झाले. ओळखपत्र देण्याचे आणि वसतिगृहांचे काम त्यातून चालते. ओळखपत्र नवरा आणि बायको दोघांच्या नावाने स्वतंत्र असणे, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ठरतो, कारण विमा, मातृत्वलाभ आणि थेट बँकेत मजुरी या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून आहेत.

तोडणी यंत्रे

टोळ्या कमी पडू लागल्याने कारखाने यंत्राकडे वळत आहेत. 2023 मध्ये राज्याने 900 तोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आणली. तीत किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळायची होती. यंत्राला सरींमध्ये जास्त अंतर, मोठे सलग रान आणि कोरडी जमीन लागते. कोल्हापुरात जमिनीचे तुकडे लहान, बांध जवळजवळ आणि नदीकाठची रानं उशिरापर्यंत ओली. पुराने लोळलेला ऊस यंत्राला नीट धरता येत नाही. परिणामी मोठी, सरळ, रस्त्याकडेची रानं यंत्र घेते आणि आडवा पडलेला, चिखलातला, पाणंदीच्या टोकाचा ऊस कोयत्यासाठी राहतो. अशा रानात दिवसाचे दोन टन निघत नाहीत, दर मात्र तोच असतो. पडक्या आणि अडचणीच्या उसासाठी टनाला वेगळा, चढा दर ही मागणी म्हणूनच पुढच्या करारात आली पाहिजे.