तोंडावाटे की शिरेतून? घोड्यांच्या लाइम रोगावरील उपचारांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या आसपास १९७५ च्या सुमारास अनेक मुलांना एकाएकी सांधेदुखी जडली. कारण हाती लागायला काही वर्षं गेली. संशोधक विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर बेटावरून आणलेल्या गोचिडांच्या पोटात मळसूत्री जिवाणू दिसले. गोचिडाच्या चाव्यातून शरीरात शिरणारे हे जिवाणूच या लाइम रोगाचं कारण ठरले; त्यांनाच पुढे बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळालं. त्याच कुरणांत घोडेही चरत होते, आणि १९८० च्या दशकातच घोड्यांमधल्या संसर्गाच्या नोंदी येऊ लागल्या.

माणसांना डॉक्सिसायक्लीन हे टेट्रासायक्लीन गटातलं प्रतिजैविक चालतं म्हणून घोड्यांनाही तेच सुरू झालं. गोळ्या कुटून तोंडावाटे देता येतात, ही मोठी सोय. पण घोड्याच्या आतड्यातून ते फार कमी शोषलं जातं आणि खुराकासोबत दिलं तर आणखी कमी. मग शिरेतून का देऊ नये? कारण घोड्याला डॉक्सिसायक्लीन शिरेतून दिलं की तो कोसळतो, मरूही शकतो. इथे तडजोडीला जागाच नाही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २००५ मध्ये तट्टांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम संसर्ग घडवलेल्या तट्टांना चार-चारच्या गटांत २८ दिवस टेट्रासायक्लीन शिरेतून, डॉक्सिसायक्लीन तोंडावाटे किंवा सेफ्टिओफर हे वेगळ्या गटातलं प्रतिजैविक स्नायूतून दिलं. चौथ्या गटाला औषध नव्हतं. जिवाणूंचा निकाल खात्रीने लागला तो टेट्रासायक्लीनच्या गटात. बाकी दोन औषधांनी काही तट्टांत काम केलं, काहींत नाही. प्रयोग लहानच, पण आजची औषधांची निवड बऱ्याच अंशी त्यावर उभी आहे.

म्हणून टेट्रासायक्लीनच्याच गटातलं ऑक्सिटेट्रासायक्लीन शिरेतून, रोज किलोमागे ६.६ मिग्रॅ. ५०० किलोच्या घोड्याला ३.३ ग्रॅम, म्हणजे १०० मिग्रॅ प्रति मिलीच्या द्रावणाचे ३३ मिली. ते सलाइनमध्ये पातळ करून सावकाश सोडायचं. घाईने ढकललं तर औषध रक्तातलं कॅल्शियम बांधतं, रक्तदाब उतरतो आणि घोडा खाली बसतो. शिरेबाहेर सांडलं तर तिथे सूज येते. पाणी कमी पडलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना धोका, आणि पातळ हगवण लागली तर औषध थांबवावंच लागतं.

महिनाभर रोज शीर टोचणं तबेल्यात सहसा निभत नाही. त्यामुळे आधी काही दिवस शिरेतून आणि पुढे तोंडावाटे, असा क्रम रूढ झाला. तोंडावाटे आता त्याच गटातल्या मिनोसायक्लीनकडे कल आहे: किलोमागे ४ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. ते डॉक्सिसायक्लीनपेक्षा चांगलं शोषलं जातं आणि मज्जासंस्थेतही अधिक पोचतं.

लंगडणारा घोडा औषधानंतर चार दिवसांत मोकळा चालू लागला म्हणून लाइम होताच, असं मात्र मानू नये. टेट्रासायक्लीन गटातली औषधं स्वतःच दाह कमी करतात. शिवाय त्याच गोचिडातून येणारा ॲनाप्लाझ्मा हा दुसरा जिवाणूही याच औषधांनी दबतो. गोचिडांच्या पट्ट्यात धडधाकट घोड्यांतही लाइमची प्रतिपिंडं सर्रास सापडतात, म्हणून लक्षणं नसताना केवळ रक्ताच्या अहवालावर महिनाभराचा कोर्स सुरू करू नये.